एक लॅपटॉप, दोन मॉनिटर, एक प्रोजेक्टर आणि फोन : व्हिडिओ अडॅप्टर निवडायचा कसा?

अर्धविराम (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. गेल्या दोन महिन्यांत मी तीन अडॅप्टर विकत घेतले आणि तिघांनीही वेगवेगळ्या प्रकारे निराशा केली, म्हणून चौथा घेण्याआधी जाणकारांना विचारावे असे ठरवले. प्रश्न थोडा लांबला आहे, पण माहिती अर्धवट दिली की उत्तरेही अर्धवट येतात, त्यामुळे सगळी मांडामांड आधी सांगतो.

लॅपटॉप साधारण सहा वर्षांपूर्वीचा आहे. त्याला पूर्ण आकाराचे एक एचडीएमआय पोर्ट, दिसायला अगदी सारखी अशी यूएसबी-सीची दोन पोर्ट आणि नेहमीचे चपटे यूएसबी पोर्ट आहे. नवा मॉनिटर २७ इंची आणि ४के रिझोल्यूशनचा असून त्याला डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय अशी दोन्ही पोर्ट आहेत. जुना मॉनिटर २२ इंची, १६८०×१०५० रिझोल्यूशनचा, व्हीजीए आणि डीव्हीआय पोर्ट असलेला. तो चांगला चालतो आणि तो टाकून द्यायची माझी इच्छा नाही. याशिवाय कामाच्या ठिकाणी एक प्रोजेक्टर आहे, त्याला फक्त व्हीजीए आहे.

आता झालेले प्रकार. पहिली खरेदी म्हणजे डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय अशी केबल. तिचे एचडीएमआयचे टोक लॅपटॉपला आणि डिस्प्लेपोर्टचे टोक नव्या मॉनिटरला जोडले; दोन्ही टोके नीट बसली, पण पडद्यावर ‘संकेत नाही’ एवढीच सूचना आली. केबल बदलून घेतली, तरी तेच. दुसरी खरेदी यूएसबी-सीचा हब. त्यात एचडीएमआय, यूएसबीची तीन पोर्ट आणि चार्जिंगची सोय आहे. त्यावर नवा मॉनिटर लागला, चित्रही सुंदर दिसले, पण माउसचा बाण ओढल्यासारखा, अडखळत सरकतो. हबच्या वेष्टनावर ४के असे ठळक छापलेले होते. तोच हब फोनला लावला तर फोन चार्ज होऊ लागला, पण पडदा काळाच राहिला. तिसरा म्हणजे प्रोजेक्टरसाठी घेतलेला एचडीएमआय ते व्हीजीए अडॅप्टर. चित्र येते, दर काही मिनिटांनी क्षणभर जाते आणि पुन्हा येते. भर सादरीकरणात हे चार वेळा झाले, तेव्हा समोर बसलेल्यांनीच मला धीर दिला.

दोन्ही मॉनिटर एकाच वेळी लॅपटॉपला जोडावेत, शक्य झाल्यास फोनचे चित्र मोठ्या पडद्यावर यावे आणि प्रोजेक्टरने मान टाकू नये, एवढीच अपेक्षा आहे. कोणते अडॅप्टर घ्यावेत हे तर सांगावेच, पण ते का, हेही सांगितलेत तर पुढच्या वेळी विचारायची पाळी येणार नाही.

तारायंत्र

तुमचे अनुभव वेगवेगळे वाटत असले तरी घोडे बहुतेक एकाच जागी पेंड खाते. अडॅप्टर घेताना आपण दोन्ही टोकांचे आकार पाहतो आणि ते बसले की काम झाले असे धरतो. प्रत्यक्षात पाहायचे असते ते असे की, चित्र कोणत्या यंत्रातून निघते, त्याच्या त्या विशिष्ट पोर्टातून कोणता संकेत बाहेर पडतो आणि तो पडद्याला आहे तसा कळतो, की वाटेत दुभाष्याची गरज लागते. हे तीन प्रश्न सोडवले की आकाराचा प्रश्न आपोआप सुटतो.

पहिल्या केबलपासून सुरुवात करतो. एचडीएमआयमध्ये चित्राचे ठिपके एका ठरावीक लयीत, अखंड प्रवाहासारखे जातात. २००६ साली आलेल्या डिस्प्लेपोर्टची रचना निराळी आहे. त्यात माहिती छोट्या पाकिटांत बांधून पाठवली जाते, बरीचशी संगणकाच्या जाळ्यासारखी. म्हणजे या दोन भिन्न भाषा आहेत. मग डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय अशी साधी केबल चालते कशी? तर संगणकांवरची बहुतेक डिस्प्लेपोर्ट दुभाषी असतात. पलीकडे तसा अडॅप्टर लागला आहे हे त्यांना कळते आणि मग ती स्वतःच एचडीएमआयच्या पद्धतीचा संकेत सोडू लागतात. केबलमधल्या छोट्या सर्किटाला केवळ विजेची पातळी जुळवून द्यायची असते. अशा पोर्टाशेजारी डीपीच्या (म्हणजे डिस्प्लेपोर्टच्या) खुणेला दोन अधिक चिन्हे जोडलेली दिसतात. उलट दिशेने मात्र हा सोयीचा मार्ग नाही, कारण एचडीएमआय पोर्टाला डिस्प्लेपोर्टची भाषा येतच नाही. तुमची केबल बिघडलेली नाही. तिला उलटे चालायला सांगितले गेले, इतकेच. ती बदलून आणली तरी फरक पडणार नव्हता.

एचडीएमआयकडून डिस्प्लेपोर्टकडे जाणारे अडॅप्टर मिळतात, पण त्यांत खरोखर भाषांतर करणारी चिप असते आणि तिला वीज लागते. एचडीएमआय पोर्टातून ५ व्होल्टचा पुरवठा मिळतो खरा, पण तो ५५ मिलिअँपिअर एवढाच मिळेल अशी खात्री मानकात दिलेली आहे आणि त्यावर ही चिप चालणे कठीण. म्हणून अशा अडॅप्टरला यूएसबीची एक शेपटी असते. ‘दोन्ही दिशांना चालते’ असे लिहिलेल्या बिनशेपटीच्या केबलवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. तुमच्या बाबतीत हा खटाटोप करायचे कारणही नाही, कारण मॉनिटरला एचडीएमआय आहेच. आणि त्याहून चांगला मार्ग यूएसबी-सीचा आहे.

आता हबकडे वळू. ४के म्हणजे ३८४०×२१६०, अर्थात एका चित्रात ८२,९४,४०० ठिपके. दर ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली तर जवळजवळ १२ गिगाबिट होतात. चित्रांमधल्या रिकाम्या वेळेचा हिशेब धरला की साडेबारापर्यंत जातात. यूएसबी-सीच्या जोडणीत वेगवान अशा चार लेन, म्हणजे माहिती जाण्याच्या वाटा, असतात. चित्रासाठी चारही वापरता येतात किंवा दोन चित्राला आणि दोन वेगवान यूएसबीला अशी वाटणी होते. तुमच्या हबवर यूएसबीची तीन पोर्ट आहेत, म्हणजे वाटणी झालेली आहे. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने एका लेनमधून ५.४ गिगाबिट जातात, त्यांतला पाचवा हिस्सा सांकेतिक वेष्टनात खर्च होतो आणि दोन लेनचे मिळून ८.६४ गिगाबिट हाती उरतात. साडेबारा कुठे आणि ८.६४ कुठे! मग हब गुपचूप ३० हर्ट्झवर उतरतो, चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलते आणि बाण अडखळतो. वेष्टनावरचे ‘४के’ खोटे नव्हते, त्यापुढचा आकडा तेवढा छापायचा राहिला. हब म्हटला की ४केला ३० हर्ट्झ असे धरूनच चालावे.

त्यामुळे नव्या मॉनिटरसाठी यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल घ्या. तिच्यात यूएसबीची पोर्ट नसल्याने चारही लेन चित्राला मिळतात, म्हणजे १७.२८ गिगाबिट, आणि ४के ६० हर्ट्झला निवांत जाते. पण त्याआधी एक गोष्ट बघा. तुमची दोन यूएसबी-सी पोर्ट दिसायला सारखी आहेत असे तुम्ही लिहिले आहे. दोन्हींतून चित्र बाहेर पडेलच असे नाही. यूएसबी-सी हे केवळ २४ पिनांच्या त्या आकाराचे नाव आहे. त्याशेजारी विजेच्या बाणाचे चिन्ह असेल तर ते थंडरबोल्ट (वेगवान जोडणीची एक पद्धत) आणि त्यातून चित्र निघतेच. डीपीची खूण असेल तरी निघते. नुसते बॅटरीचे किंवा यूएसबीचे चिन्ह असेल, तर लॅपटॉपची अधिकृत माहितीपुस्तिका उघडून पाहिल्याशिवाय खरेदी करू नका. हब कोणत्या पोर्टाला लावला होता, हेही कळवा.

आणि जाता जाता लॅपटॉपचे एचडीएमआय थेट नव्या मॉनिटरला साध्या एचडीएमआय केबलने जोडून पाहा. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट दिसतो. तिथे ४केला ६० मिळाले तर पोर्ट एचडीएमआय २.० चे, ३०च मिळाले तर बहुधा १.४ चे.

खटका

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. जुना मॉनिटर आणि प्रोजेक्टर यांबद्दल तारायंत्र यांनी काही लिहिले नाही, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. माझे बरेचसे काम जुन्या उपकरणांशीच असते.

जुन्या मॉनिटरला व्हीजीएने जोडण्याच्या फंदात पडू नका. व्हीजीए १९८७ साली आले तेव्हा पडदे काचेच्या नळीचे होते आणि तारेतून जाणारा कमी-जास्त विद्युतदाब सरळ त्या नळीतल्या किरणांची तीव्रता ठरवत असे. आज लॅपटॉपमधले चित्र अंकांत असते. व्हीजीए अडॅप्टर त्या अंकांचा विद्युतदाब करतो, तो तारेतून जातो आणि एलसीडी मॉनिटर त्या दाबाचे पुन्हा अंक करतो. या दुहेरी उलथापालथीत एक ठिपका शेजारच्या ठिपक्यात किंचित मिसळतो आणि अक्षरांच्या कडा मऊ पडतात. मॉनिटरवरचे स्वयंजुळणीचे बटण दाबून थोडी सुधारणा होते, पण थोडीच.

तुमच्या मॉनिटरला डीव्हीआय आहे ही मोठी सोय आहे. १९९९ साली आलेल्या डीव्हीआयचा डिजिटल भाग आणि एचडीएमआयचे चित्र यांची विद्युतभाषा एकच असल्यामुळे एचडीएमआय ते डीव्हीआय केबलमध्ये चिप नसते, वीज लागत नाही आणि चित्राची प्रत तसूभरही उतरत नाही. ही केबल दोन्ही दिशांनी चालते. एकेरी जोडणीच्या डीव्हीआयला १९२०×१२०० पर्यंत ६० हर्ट्झ झेपते, तेव्हा १६८०×१०५० ची काळजीच नको.

केबल घेण्यापूर्वी मात्र मॉनिटर भिंतीकडून वळवून, टॉर्चच्या उजेडात ते पोर्ट नीट पाहा. पिनांच्या तीन ओळी दिसतील आणि एका बाजूला एक आडवी पात्यासारखी फट. त्या फटीच्या वर-खाली दोन-दोन अशी चार बारीक छिद्रे असतील तर त्या पोर्टात अ‍ॅनालॉग, म्हणजे व्हीजीएसारख्या विद्युतदाबाच्या, संकेताचीही सोय आहे. नुसतीच फट असेल तर ते निव्वळ डिजिटल. तुमच्या कामाला दोन्ही चालतील. पण ज्या केबलच्या डीव्हीआय टोकाला त्या चार पिना आहेत, ती निव्वळ डिजिटल पोर्टात शिरतच नाही, आणि पुष्कळ लोक जोर लावून पिना वाकवतात. म्हणून केबल घेताना फक्त पाते असलेली घ्यावी, ती दोन्ही प्रकारच्या पोर्टांत बसते. डीव्हीआयला लावायचे छोटे व्हीजीए अडॅप्टर मिळतात तेही याच चार पिनांवर अवलंबून असतात. संगणकाच्या पोर्टात त्या नसतील, तर अडॅप्टरमध्ये आत नुसत्या तारा असल्याने तो काहीच करू शकत नाही.

प्रोजेक्टरला दुसरा इलाज नाही, तिथे रूपांतर करणारा अडॅप्टरच हवा. तुमचे चित्र मध्येच जाते त्याचे कारण बहुधा वीज. एचडीएमआय पोर्टातून किती थोडी वीज मिळते ते वर आलेच आहे. त्या तुटपुंज्या विजेवर चिप कशीबशी उभी असते, तिला थोडी अधिक लागली की ती बसते आणि पुन्हा उठते. तुमच्या अडॅप्टरच्या कडेला चार्जिंगसारखे एक बारीक छिद्र आहे का पाहा. असल्यास त्याला लॅपटॉपच्या यूएसबीतून वीज द्या. नसल्यास, बाहेरून वीज घेण्याची सोय असलेला अडॅप्टर घ्यावा. त्याच्याच जोडीला आवाजासाठी ३.५ मिलिमीटरचे गोल छिद्र असेल तर उत्तम, कारण व्हीजीएमधून आवाज जात नाही. दोन्ही टोकांचे स्क्रू आवळलेले आहेत हेही बघा. निम्मे ‘बिघाड’ तिथेच सापडतात.

आणखी एक गोष्ट. प्रत-संरक्षण असलेले चित्रपट व्हीजीएमधून दाखवताना पडदा काळा पडू शकतो, कारण त्या संरक्षणाची अट पाळण्याची सोय व्हीजीएमध्ये नाही. सादरीकरणाला याने काही अडचण येणार नाही.

अर्धविराम

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे एकेक गोष्ट तपासली.

यूएसबी-सी पोर्टांकडे भिंग घेऊन पाहिले. एकाशेजारी डीपीची खूण आहे, इंग्रजी डीच्या पोटात पी असल्यासारखी. दुसऱ्याशेजारी केवळ बॅटरी. सहा वर्षे हा लॅपटॉप वापरतो आहे, पण ही दोन चिन्हे वेगळी आहेत हे आज प्रथमच लक्षात आले. हब सुदैवाने डीपीच्याच पोर्टाला लावलेला होता.

लॅपटॉपचे एचडीएमआय थेट नव्या मॉनिटरला जोडले, तर तिथेही ३० हर्ट्झच मिळतात. मॉनिटरच्या मेनूत एचडीएमआयसाठी १.४ आणि २.० असा पर्याय होता आणि तो १.४ वर होता, त्यामुळे क्षणभर आशा वाटली, पण २.० केल्यावरही लॅपटॉपने ६० दाखवले नाहीत.

प्रोजेक्टरच्या अडॅप्टरला बाजूला तसे छिद्र खरोखरच आहे. मी ते आवाजाचे समजत होतो. उद्या वीज देऊन पाहतो.

एक नवी शंका. नवा मॉनिटर जोडला की लॅपटॉपचा आवाज बंद होतो. मॉनिटरला स्पीकर नाहीत. हा अडॅप्टरचा दोष आहे का? आणि फोनबद्दल कोणी सांगेल का?

किलबिल

आवाजाची शंका आधी मिटवते. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या दोन्हींतून आवाजही जातो. मॉनिटर जोडताच संगणकाला आवाजाचे नवे ठिकाण मिळाल्यासारखे वाटते आणि तो सगळा आवाज तिकडे पाठवतो. मॉनिटरला स्पीकर नसले तरी हेडफोनचे छिद्र असते, त्यामुळे तो ‘आवाज घेतो’ असेच सांगतो. खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन लॅपटॉपचे स्पीकर पुन्हा निवडावेत. अडॅप्टर निर्दोष आहे.

फोनचे उत्तर तितके आनंदाचे नाही. तुमचा फोन हबवर चार्ज झाला, पण चित्र आले नाही, याचा अर्थ जवळजवळ नक्की असा की त्या फोनच्या पोर्टात चित्राच्या तारा जोडलेल्याच नाहीत. यूएसबी-सीमधून डिस्प्लेपोर्टचा संकेत देणे हे फोन बनवणाऱ्यावर ऐच्छिक आहे, आणि वरच्या किमतीच्या फोनांपलीकडे ते क्वचितच आढळते. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस मालिकेत २०१७ च्या एस८ पासून ही सोय आहे, अ‍ॅपलने आयफोन १५ मध्ये यूएसबी-सी आणले तेव्हापासून त्यातही आहे. इतर फोनांसाठी नेमके मॉडेल घेऊन निर्मात्याच्या तपशीलपत्रात ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधावा. तो सापडला नाही, तर कितीही महाग अडॅप्टर घेतला तरी नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

अनेक जण एक सोपी कसोटी सांगतात की, फोनचे पोर्ट यूएसबी २.० वेगाचे असेल तर चित्र येणार नाही. बहुतेक फोनांना ती लागू पडते, पण आयफोन १५ हाच तिला अपवाद आहे. त्याचे पोर्ट माहितीच्या देवाणघेवाणीला यूएसबी २.० च्याच वेगाचे असून चित्र मात्र देते. म्हणून कसोटीपेक्षा तपशीलपत्र बरे.

ज्या फोनात ही सोय आहे, त्यांच्याही बाबतीत एक फसगत होते. फोनबरोबर आलेली चार्जिंगची केबल दोन्ही बाजूंनी यूएसबी-सी असली तरी तिच्यात बहुधा वीज आणि यूएसबी २.० एवढ्याच तारा असतात, वेगवान लेनच्या नसतात. अशा केबलने यूएसबी-सी मॉनिटरला फोन जोडला तर तो नुसता चार्ज होत बसतो. दहा वर्षांपूर्वीच्या फोनांसाठी मिळणारे मायक्रो यूएसबीचे एचडीएमआय अडॅप्टर नव्या फोनांना काही कामाचे नाहीत, कारण ती पद्धतच निराळी होती.

तुमच्यासाठी दोन पर्याय उरतात. फोन आणि टीव्ही किंवा त्याला लावलेले उपकरण एकाच वाय-फायवर असेल तर बिनतारी चित्र पाठवता येते; छायाचित्रे आणि व्हिडिओ दाखवण्यापुरते ते पुरते. दुसरा पर्याय डिस्प्लेलिंक चिप असलेल्या अडॅप्टरचा. त्यात चित्र फोनमध्ये किंवा संगणकात सॉफ्टवेअरने आवळून साध्या यूएसबीवरून पाठवले जाते आणि अडॅप्टरमधली चिप ते उलगडते. त्यासाठी अ‍ॅप किंवा ड्रायव्हर बसवावा लागतो, प्रक्रियेचा भार यंत्रावर पडतो आणि संरक्षित चित्रपट सहसा दिसत नाहीत. लॅपटॉपचे चपटे यूएसबी पोर्ट वापरून तिसरा मॉनिटर जोडायचा असेल तर हाच प्रकार लागतो. केवळ कुतूहलापोटी फोनसाठी तो घेऊ नये, असे मला वाटते.

दशांशचिन्ह

तारायंत्र यांच्या प्रतिसादातील एका वाक्याला दुरुस्ती सुचवतो. ‘हब म्हटला की ४केला ३० हर्ट्झ’ हे डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगापुरते खरे आहे. १.४ च्या वेगात एका लेनमधून ८.१ गिगाबिट जातात. वेष्टनाचा पाचवा हिस्सा वजा केल्यावर दोन लेनचे १२.९६ उरतात आणि ४के ६० हर्ट्झचे साडेबारा त्यात मावतात, जेमतेम का होईना. लॅपटॉपचे पोर्ट आणि हब दोन्ही त्या वेगाचे असतील तर वेगवान यूएसबी आणि ४के ६० ही दोन्ही सुखे एकत्र मिळतात. दोघांपैकी एकही जुना असेल तर जोडणी जुन्याच्या वेगाने होते. शिवाय यूएसबीची पोर्ट २.० वेगाचीच ठेवून चारही लेन चित्राला देणारे हबही असतात. प्रश्नकर्त्याच्या सहा वर्षांच्या लॅपटॉपला नवा हब घेऊन उपयोग होईल असे वाटत नाही, पण हे वाचून दुसऱ्या कोणी हबच नाकारू नये म्हणून लिहिले.

वेष्टनावर ‘४के ६०’ वाचले तरी आणखी एका ठिकाणी डोळा ठेवावा. काही जोडण्या जागा पुरावी म्हणून रंगांची माहिती कमी करतात: प्रकाशाची तीव्रता प्रत्येक ठिपक्याची जाते, रंग मात्र चार ठिपक्यांना मिळून एकच. चित्रपटात हे जाणवतही नाही. पण काळ्या पार्श्वभूमीवर लाल किंवा निळी बारीक अक्षरे लिहून पाहावीत. त्यांच्या कडा डिंक सांडल्यासारख्या पसरट दिसल्या तर हाच प्रकार चालू आहे असे समजावे आणि चित्रकार्डाच्या सेटिंगमध्ये पूर्ण रंगांचा पर्याय निवडावा. तो निवडता येत नसेल तर जागा अपुरी आहे.

मॅक वापरणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी. एकाच यूएसबी-सीतून दोन मॉनिटर चालवणारे बरेच हब डिस्प्लेपोर्टच्या अशा सोयीवर अवलंबून असतात, जी विंडोजला कळते, पण मॅकओएसला दोन स्वतंत्र पडद्यांसाठी चालत नाही. तिथे दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते. तो हबचा दोष समजून परत करणारे पुष्कळ पाहिले आहेत.

तारायंत्र

दुरुस्ती मान्य. मी प्रश्नकर्त्याच्या लॅपटॉपपुरता विचार करून सरसकट विधान केले होते.

अर्धविराम, तुमचे एचडीएमआय १.४ चे ठरले हे एका अर्थी बरेच झाले, कारण वाटणी आपोआप झाली. ४के मॉनिटर यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबलने, जुना मॉनिटर एचडीएमआय ते डीव्हीआय केबलने, आणि चार्जिंग बॅटरीचे चिन्ह असलेल्या दुसऱ्या यूएसबी-सीतून. हब आता चित्रासाठी लागणार नाही, तो बाजूला ठेवा. डिस्प्लेपोर्टची केबल फार लांब घेऊ नका; दोन मीटरपर्यंत सहसा तक्रार नसते. आणि मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्टसाठी १.१ आणि १.२ असा पर्याय असेल तर १.२ निवडा, नाहीतर चारही लेन मिळूनसुद्धा पुन्हा ३०च दिसतील.

अर्धविराम

आज दोन्ही केबल आल्या आणि दोन्ही मॉनिटर एकाच वेळी चालू झाले. नव्यावर ४के आणि ६० हर्ट्झ असे आकडे प्रत्यक्ष पाहिले. बाण आता पाण्यावरून सरकल्यासारखा जातो. जुन्या मॉनिटरची तर गंमतच झाली. इतकी वर्षे तो व्हीजीएवर होता आणि मी त्याच्या अंधुक अक्षरांना माझ्या चष्म्याचा नंबर कारण समजत होतो. डीव्हीआयने जोडल्यावर तीच अक्षरे कोरल्यासारखी दिसू लागली. त्याच्या पोर्टात नुसती फट आहे, चार छिद्रे नाहीत; खटका यांच्या सल्ल्यामुळे केबल आधीच नीट पाहून घेतली होती.

प्रोजेक्टरचा अडॅप्टर यूएसबीतून वीज दिल्यावर सलग दीड तास चालला, एकदाही चित्र गेले नाही. फोनच्या तपशीलपत्रात डिस्प्लेपोर्ट हा शब्द कुठेच नाही, त्यामुळे तो विषय सोडून दिला.

डिस्प्लेपोर्टची केबल काढताना मात्र ती निघेना. ओढून पाहिले, मॉनिटरच पुढे सरकला. मग टोकावरचे बारीक बटण दिसले. ते दाबल्यावर टोकावरचे दोन बारीक हुक आत गेले आणि केबल सहज सुटली.

एक किरकोळ गोष्ट उरली आहे. नवा मॉनिटर त्याच्या बटणाने बंद केला की त्यावरच्या सगळ्या खिडक्या जुन्या मॉनिटरवर उड्या मारतात. जुना बंद केला तर त्यावरच्या खिडक्या जागच्या जागी राहतात. केबल पुन्हा चुकली का?

दशांशचिन्ह

केबल बरोबर आहे. अनेक मॉनिटर बंद होताना डिस्प्लेपोर्टवर ‘मी निघालो’ असे सांगतात आणि संगणक त्याला केबल काढल्यासारखे समजतो. तुमचा जुना मॉनिटर बंद असतानाही जोडलेलाच दिसत राहतो. विंडोज ११ असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये एकाहून अधिक पडद्यांच्या भागात, मॉनिटरच्या जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू करा, म्हणजे मॉनिटर पुन्हा लावल्यावर खिडक्या आपापल्या जागी परततील. नाहीतर मॉनिटर बटणाने बंद न करता काही मिनिटांनी आपोआप झोपू द्यावा. अनेक मॉनिटर झोपेत जोडणी सोडत नाहीत.